खुराकाचा वाटा

१८७३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सोळा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. अंगानं किडकिडीत, प्रकृती तोळामासा. आई लहानपणीच गेलेली, वडील आदल्या वर्षी वारलेले, लग्न झालेलं. पहिल्याच वर्षी त्यानं ठरवलं, आधी शरीर, मग पुस्तकं. रोज तालीम, कुस्ती, नदीत पोहणं, आणि मग पोटभर जेवण. अभ्यास मागे पडला आणि त्या वर्षीची परीक्षा हातची गेली. पुढं तोच मुलगा गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाला. पन्नाशी उलटल्यावर, मधुमेह मागे लागलेला असताना, मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढून आला आणि पुन्हा कामाला लागला. बाळ गंगाधर टिळकांच्या चरित्रातलं हे गमावलेलं वर्ष मला फार मोलाचं वाटतं.

मी कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत गृहविज्ञान शिकवत होते. आहाराचा धडा आला की हे वर्ष मी मुलींना आवर्जून सांगायची, कारण पुस्तकातल्या तक्त्यांपेक्षा त्यात घेण्यासारखं जास्त आहे. वजन बाटलीतल्या औषधानं वाढत नाही, महिन्याभरात वाढत नाही, आणि नुसतं खाऊनही धडपणे वाढत नाही. कडकडून भूक लागेल एवढी मेहनत, भुकेला पुरेल एवढं अन्न, ते अंगी लागेल एवढी झोप, आणि या सगळ्याला हवा तेवढा वेळ. एकदा नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. “बाई, त्या वर्षी त्यांच्या बायकोनं काय खाल्लं?” वर्गात कुणी हसलं नाही. विचारणारी वर्गातली सगळ्यात बारीक मुलगी होती. सत्यभामाबाई तेव्हा वाढीच्याच वयात होत्या. पण घरात कुणाच्या ताटात काय पडलं याची नोंद ठेवायची आपल्याकडे रीत नाही, आणि बायकांच्या ताटाची तर नाहीच नाही. त्या मुलीच्या प्रश्नापासून मी आमच्या भागातल्या तालमींचा इतिहास खुराकाच्या अंगानं वाचायला लागले.

मल्लाला काय खायला घालावं हा विचार या मुलखात जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचं प्रकरण आहे. वय, बांधा आणि ताकद पाहून मल्लांची प्रतवारी करायची, त्यांना राजाच्या खर्चानं पोसायचं आणि सरावाला लावायचं, असा तो सगळा कारभार. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात मारुती स्थापले आणि मारुतीचं देऊळ नि तालीम ही गावाच्या नकाशावरची जोडी झाली. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं वळण दिलं. पुढं बडोद्याला द. चिं. करंदीकर ऊर्फ मुजुमदार यांनी ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. शरीर कमावण्याच्या विद्येवर एवढं मोठं काम मराठीत झालं, याचा मला अभिमान वाटतो.

कोल्हापूरला मात्र या विद्येचं वेड लावलं ते शाहू महाराजांनी. ते स्वतः धिप्पाड, कुस्तीचे जाणकार. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते युरोपात गेले, तेव्हा रोमचं जुनं प्रेक्षागृह त्यांनी पाहिलं. परत आल्यावर खासबागेचं कुस्त्यांचं मैदान बांधायला घेतलं आणि १९१२ साली ते पुरं झालं. पंजाबपासूनचे नामांकित मल्ल कोल्हापुरात येऊन लढले. पेठापेठांतल्या तालमी गजबजल्या. आणि मुख्य म्हणजे पैलवानाचा खुराक दरबारातून मिळू लागला. खेड्यातलं एखादं हाडकुळं पोर महाराजांच्या नजरेत भरलं की त्याच्या दुधातुपाची काळजी घरच्यांना राहत नसे. गरिबाच्या मुलाला राज्याच्या तिजोरीतून पोसायचं, त्याची जात न बघता, हे शाहूंच्या बाकीच्या कामाशी जुळणारंच होतं. वसतिगृहांत शिकणाऱ्या मुलाला जेवण आणि तालमीतल्या मुलाला खुराक, दोन्हींमागचा विचार मला एकच दिसतो.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. लोकशाही आली, पण खुराकाचा दरबारी आधार तुटला. पुढं काही साखर कारखान्यांनी मानधनावर मल्ल सांभाळले, गावांनी वर्गण्या काढल्या. तरी ते नाव झालेल्या पैलवानांसाठी. ज्याचं अंग अजून भरायचं आहे अशा चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचा खुराक बापाच्या खिशातून आणि आईच्या चुलीवरून यायला लागला. माझ्या घराची गोष्ट इथं सुरू होते.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्याच्या बाजूला. कोरडवाहू रान. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते आणि थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, बारा वर्षांचा. आई-बाबा खडी फोडायला जायचे. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि शाळेत नि कामावर वाटली जाणारी सुकडी, यावर ते वर्ष निघालं. सुकडी मला आवडायची. गोड होती आणि हातात मूठभर पडायची. पण दुष्काळ सरला तरी आम्हा भावंडांची अंगं भरली नाहीत. दादाला गावात सगळे पाप्याचं पितर म्हणायचे. मला काही नाव नव्हतं. बारक्या मुलीला कुणी नाव ठेवत नाही, ती बारकीच असते.

आज्जा तरुणपणी जत्रांच्या फडात नारळावरच्या, रुपया-दोन रुपयांच्या कुस्त्या खेळलेला. त्याला दादाची हाडं बघवायची नाहीत. १९७५ साली दादा पंधरा वर्षांचा झाला, तेव्हा आज्जानं त्याला कोल्हापूरच्या एका तालमीत नेऊन घातलं. मीही हट्ट करून बरोबर गेले होते. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले, कारण आत बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही. बाहेरून दिसलं ते एवढंच. वस्तादानं दादाचं मनगट धरलं, खांदे चाचपले, पोटावर हात ठेवला. वजनकाटा नव्हताच. आज्जानं विचारलं, “बदाम कवापास्नं सुरू करायचं, वस्ताद?” वस्ताद म्हणाले, “बदामाचं लांब ऱ्हाऊ द्या. आदी प्वाट तयार हुं दे, मग अंग.”

हे वाक्य मला पुढं आहारशास्त्र शिकताना पुन्हा पुन्हा आठवलं. अर्धपोटी वाढलेल्या मुलाच्या पुढ्यात एकदम ढीगभर तूपसाखर ठेवली तर ती पचत नाही. ढाळ लागतात नाहीतर नुसती पोटावर चरबी चढते. वाढत्या वयातल्या बारीक मुलानं रोजच्या जेवणात तीनशे ते पाचशे उष्मांक हळूहळू वाढवावेत, आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन वाढलं तर पुष्कळ झालं, असं आज सांगितलं जातं. वस्तादाला उष्मांक ठाऊक नव्हते, पण बेत तोच होता. पहिले काही आठवडे दादाला फक्त ज्वारीची भाकरी, आमटी, केळी आणि दोन्ही वेळचं दूध. व्यायामही थोडाच. मग बैठका वाढल्या तशी भाकरी वाढली, जोर वाढले तसं दूध वाढलं. बदाम आले ते त्यानंतर, तेही आठ-दहांपासून.

तालमीतला दिवस पहाटे चारच्या आधी सुरू व्हायचा. अंधारात मारुतीला तेल, मग जोर, बैठका, सपाट्या. उजाडायच्या सुमाराला आखाडा खणायचा. ती लाल माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबाचा रस, कापूर मुरवलेला असतो, आणि खोऱ्यानं ती रोज उकरणं हाच खांद्या-पाठीचा मोठा व्यायाम. मग जोडीदाराबरोबर लढत. घाम निथळला, अंग गार झालं की थंडाई. रात्री भिजत घातलेले बदाम सोलायचे, त्यात खसखस, मगज बी, बडीशेप, वेलची, दोन-चार मिरे घालून दगडी कुंडीत घोटायचं. घोटणाऱ्याचे दंड भरून यायचे. गंधासारखं बारीक झालं की दुधात कालवून फडक्यानं गाळायचं. लहान पोरांनी घोटायचं आणि थोरांनी आधी प्यायचं, पण वस्ताद प्रत्येकाच्या पेल्यावर नजर ठेवून असायचे. दुपारी जेवण आणि झोप. झोपेला तिथं व्यायामाइतकाच मान. दुपारी तालमीत मोठ्यानं बोलायचीही चोरी. संध्याकाळी पुन्हा मेहनत, एकमेकांची अंगं रगडणं, आणि आठ-साडेआठला दिवे बंद.

चहा बंद, तिखट बंद, बाहेरचं चमचमीत बंद. कोल्हापुरात मटणाची अळणी म्हणून जी चीज आहे, मसाला घालण्याआधीचं, हळद-मिठाचं ते पाणी, ते आठवड्यातून एक-दोनदा मिळायचं. एकेकाचा पेला ठरलेला. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी समोर उभ्या करून धार काढून देत, तिथं नुसती मिशी फुटलेली पोरं तांब्या तोंडाला लावून उभी दिसायची. हे कच्चं, धारोष्ण दूध मात्र मी कुणाला सांगत नाही. कच्च्या दुधातून क्षयाचे आणि इतरही रोगांचे जंतू येऊ शकतात. उकळल्यानं दुधातलं प्रथिन नि चुना कुठं जात नाही. तालमीच्या शहाणपणातली ही एक गोष्ट सोडून द्यावी. दुसरी म्हणजे कुस्ती सुटल्यावरही खुराक न सोडणं. चाळिशीत गुडघे गेलेले, साखर वाढलेले माजी पैलवान आमच्या भागात गावोगाव आहेत, कारण मेहनत थांबली आणि पेला थांबला नाही.

पण मूळ रीत भक्कम होती, आणि तिच्यातली सगळ्यात मोठी गोष्ट बदाम नव्हते. ती होती वस्तादाची नजर. कोण नीट जेवत नाही, कुणाला रात्री खोकला येतो, कोण घरच्या आठवणीनं कुढतोय, हे त्या एका माणसाला रोज दिसायचं. एक पोर खाऊनपिऊन वाळत चाललं तर वस्ताद त्याला डॉक्टरकडं घेऊन गेले, क्षय निघाला. आजही बारीक मुलाच्या बाबतीत आधी हेच बघायचं असतं. पूर्वी चांगलं असलेलं वजन उतरतंय का, दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का, तहान फार लागते का, पोटात जंत आहेत का, थायरॉइड, मधुमेह, गव्हाचं न पचणं. यातलं काही नसेल, मूल चपळ असेल, उंची वाढत असेल, आई-बापही शेलाट्या अंगाचे असतील, तर त्याला उगीच आजारी ठरवू नये. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना मोठ्यांचा साडेअठराचा वजन-उंचीचा निर्देशांक (बीएमआय) तसाच लावायचा नसतो. वय आणि मुलगा-मुलगी पाहून वाढीच्या तक्त्यावर बघायचं असतं.

बारीक असणं आणि दुबळं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या भागाला खाशाबा जाधवांनी दाखवलं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. चणीनं लहान. मैदानी कुस्तीत जोड नजरेनं लावतात, तिथं मोठ्या इनामाच्या कुस्त्या मोठ्या अंगाच्या मल्लांच्या. ऑलिंपिकमध्ये वजनी गट होते. १९४८ साली लंडनला खाशाबा सर्वांत हलक्या, फ्लायवेट गटात सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सत्तावन्न किलोचा माणूस! आज्जा हे नाव घेताना बसल्या जागी सरळ व्हायचा.

दादा पुढच्या दिवाळीला घरी आला तेव्हा सदऱ्याचे काखेतले टाके उसवले होते. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवून दृष्ट काढली. आज्जानं गल्लीतून मिरवलं. मलाही खरंच आनंद झाला होता. भाऊ दारातून आत आला तर दार भरल्यासारखं वाटलं.

तो आनंद कशातून आला होता ते आता लिहायला हवं. आमच्याकडं एक म्हैस होती. १९७० पासून दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि त्या दशकात गावोगाव डेअऱ्या निघाल्या. दूध पहिल्यांदाच रोख पैसा झालं. शेतकऱ्याच्या घरात दर आठवड्याला पैसा येऊ लागला, बायकांच्या हातात चार आणे खेळले, हे चांगलंच झालं. मी त्या डेअऱ्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या एका म्हशीच्या दुधाचे आमच्या घरात असे वाटे पडले. सकाळचं दूध डेअरीला, त्याचे पैसे मनीऑर्डरनं दादाच्या खुराकाला. संध्याकाळच्या दुधाचं विरजण, लोणी, आणि त्याचं तूप बरणीत भरून महिन्याला कोल्हापूरला. घरात उरायचं ताक आणि चहापुरतं दूध. भाकऱ्यांचा डबा आठवड्यातून दोनदा एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा. तो डबा गावाच्या फाट्यावर नेऊन द्यायचं काम माझं. डब्यात शेंगदाण्याचे लाडू असायचे. ते आज्जीबरोबर मी वळलेले असायचे.

आज्जीला वाईट वाटायचं. हळूच हातावर लाडू ठेवायची आणि म्हणायची, “खा गं, कुनाला दावू नगंस.” पण तिच्याही मनात एक भीती होती, आणि ती तिची एकटीची नव्हती. मुलगी चांगलं खायला लागली की चटकन वाढते, थोराड दिसायला लागते, मग लोक लग्नाचं विचारतात. बारीक असली की अजून लहान आहे म्हणता येतं. म्हणजे आमच्या कितीतरी आया-आज्ज्यांनी मुलींना कमी वाढलं ते नुसतं गरिबीमुळं नाही; चार वर्षं शाळेत राहू दे, एवढ्यात लांब नको जाऊ दे, या मायेपोटीही. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यापासून मी कुणा आईला बोल लावलेला नाही.

किशोरवयात माणसाच्या प्रौढ वजनातलं जवळपास निम्मं वजन वाढतं आणि उंचीचा पाचवा हिस्सा. मुलींची ही झेप मुलांच्या आधी, दहा ते चौदा या वयात येते. त्याच वेळी पाळी सुरू होते, लोहाची गरज वाढते. म्हणजे घरात पहिला खुराक लागायला हवा तो मुलीला, आणि तोही भावाच्या दोन वर्षं आधी. चुकलेली ती वर्षं नंतर पूर्ण भरून निघत नाहीत, आणि कमी वजनाची मुलगी पुढं आई झाली की कमी वजनाचं मूल जन्माला येण्याचा धोका वाढतो. पैलवानासाठी तूप साठवणाऱ्या गावाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी ३६ किलोची होते तेव्हा कॉलेजसाठी कोल्हापूरला आले. वसतिगृहात राहायचे. पायऱ्या चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. आमच्या गृहविज्ञानाच्या बाईंचं बालपण औंधला गेलं होतं, आणि औंधचं नाव निघालं की सूर्यनमस्कार आलेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचं व्रत घेतलं होतं. स्वतः रोज घालायचे, त्यावर पुस्तकं लिहिली, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले. आणि बायकांनी, मुलींनीही नमस्कार घातलेच पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या राणीसाहेब स्वतः घालत. तालमीचं दार बंद होतं त्या काळात एका संस्थानिकानं मुलींना शरीर कमावण्याची एक वाट खुली केली, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही.

आमच्या बाई वस्तादासारख्याच होत्या. महिन्याच्या एका ठरल्या दिवशी सगळ्या मुलींचं वजन करायच्या, पण आकडा मोठ्यानं वाचायच्या नाहीत. मला आधी दवाखान्यात नेलं. रक्त कमी निघालं, जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मग रोजचं खाणं. तीन जेवणांच्या मध्ये दोन वेळा काहीतरी. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, त्यातून पावणेदोनशे उष्मांक नि सात-आठ ग्रॅम प्रथिनं. पेलाभर म्हशीचं दूध, आणखी दोनशे. केळं. मेसच्या मटकीच्या उसळीवर कच्चं तेल, भातावर चमचाभर तूप. उकडलेलं अंडं. नाचणीची खीर. सकाळी नमस्कार, सुरुवातीला मोजकेच. “दमलीस की थांब, पण उद्या पुन्हा ये,” म्हणायच्या. जेवणाआधी पाण्यानं नि चहानं पोट भरायचं नाही, आणि रात्री दहाला दिवा बंद. माझं वजन सावकाश वाढलं, काही महिने अजिबात हललं नाही, आणि दोन वर्षांनी अंधारी येणं थांबलं होतं. बदाम त्यात एकही नव्हता. खुराकाला श्रीमंती लागते हा समज मी तेव्हाच सोडला. शेंगदाणा बदामाहून प्रथिनात कमी नाही, आणि तो आमच्या रानात पिकतो.

आता मुलांच्या खुराकाची दुकानं झाली आहेत. पोलीस भरती, सैन्य भरती जवळ आली की बारीक पोरं वजन वाढवण्याची पावडर, भुकेच्या गोळ्या घ्यायला धावतात. काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा फुगतो, अंगात पाणी धरतं आणि काट्यावर आकडा वाढतो. अंग तेवढंच राहतं. जे दादाच्या वस्तादानं वर्षात केलं ते पंधरवड्यात करून मागणाऱ्या मुलांवर मी रागवत नाही, त्यांच्यामागं भरतीची तारीख असते. त्यांना सहा महिने आधी सांगणारं कुणी नसतं.

मुलींसाठीही दारं उघडली आहेत. कागल तालुक्यातल्या मुरगूडमध्ये मुली कुस्ती शिकतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्या दिवशी मला आज्जीची फार आठवण झाली. पण गटांच्या कुस्तीत वजन उतरवण्याचाही जाच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचलेली विनेश फोगाट शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली, हे सगळ्या देशानं पाहिलं. वाढत्या वयातल्या मुलींना वजन तोडायला लावणाऱ्या प्रशिक्षकांनी हे वय परत येत नाही एवढं ध्यानात ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शाहूंच्या दरबारानं गरिबाच्या मुलाचा खुराक उचलला, तसं काम सरकारनंही केलं आहे. १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेत पोषण आहार आला, पुढं तो आठवीपर्यंत वाढवला. २०१० साली ‘सबला’ योजनेत निवडक जिल्ह्यांतल्या ११ ते १८ वर्षांच्या मुलींसाठी वर्षातले तीनशे दिवस रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं ठरवली होती. कागदावरचा तो खुराक दादाच्या पहिल्या वर्षाच्या खुराकाला तोडीस तोड होता. पुढं ती योजना आक्रसून ११ ते १४ वयाच्या शाळाबाह्य मुलींपुरती उरली, आणि नंतर तिचं रूप पुन्हा बदललं. शाळेतली चौदा-पंधराची मुलगी बहुतेक ठिकाणी मधेच राहिली.

मी शिकवत होते ती शाळा पाचवी ते दहावीची. मधल्या सुटीत आठवीपर्यंतच्या मुली ताटं घेऊन ओळीत बसायच्या आणि नववी-दहावीच्या मुली घरच्या डब्याच्या भरवशावर. त्यांतल्या कितीजणींचा डबा रिकामा असायचा ते आम्हा शिक्षिकांना ठाऊक होतं. माझी मागणी साधी आहे. शाळेतलं जेवण बारावीपर्यंत न्या. त्याच्या जोडीला शेंगदाण्या-गुळाचा एक लाडू, एक अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना पेलाभर उकळलेलं दूध. महिन्यातून एकदा वजन-उंची, आणि ते बघायला वर्गात एक माणूस, जो आकडा मोठ्यानं वाचणार नाही. लाडू वळायला गावातले बचतगट आहेत, शेंगदाणा आमच्या तालुक्यात आहे, आणि म्हशी पूर्वीपेक्षा जास्त आहेत.